पाऊणकी आणि पाणी

गणित हा आपला प्रांत नव्हे, असे सांगताना मराठीच्या अध्यापकाला संकोच वाटत नाही. उलट किंचित प्रतिष्ठाच वाटते. आम्हीही हे वाक्य वर्गात वर्षानुवर्षे उच्चारत आलो. ज्या घरात आम्ही वाढलो, तेथे मात्र ते कोणालाच परवडले नसते. मालवणजवळ कोळंबच्या खाडीत आमच्या आजोबांची होडी होती आणि वाटेत वाळूचा उथळ पट्टा होता. पाणी चढल्याखेरीज भरलेली होडी त्यावरून आत येत नसे. पाणी केव्हा चढेल, हे आजोबा बसल्या जागी सांगत. त्यासाठी त्यांना दोनच गोष्टी लागत: आजची तिथी आणि पाऊणकी.

हा नियम कोकणच्या किनाऱ्यावर अनेकांना ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करावी, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मुंबईहून दक्षिणेकडे यावे तसे पाणी थोडे आधी चढते. म्हणून आजोबा त्या उत्तरातून आपल्या खाडीपुरते काही वजा करीत.

पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा, हे आता विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी ही सारी अपूर्णांकांची पाठांतरे एके काळी मराठी शाळांतून तालासुरात चालत. सोळा आण्यांच्या रुपयाला आणि पावशेर-अच्छेराच्या वजनांना तीच भाषा हवी होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि या पाढ्यांचे काम संपले. आम्ही त्या संधिकाळातले. पाऊणकी आम्हाला येते ती दहापर्यंत. औटकी मुळीच येत नाही.

महाविद्यालयात गेल्यावर आम्ही आजोबांचा नियम तपासला. चांद्रमासात तिथी ३०. तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाचे चोवीस तास पुरते फिरून येते. म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटे. पाऊणकी धरते ४५. अमावास्येला दुपारी बारा वाजता असलेली भरती पौर्णिमेलाही बाराच्या सुमारास यायला हवी. पंधरा पाऊणे मात्र सव्वाअकरा. पाऊण तासाची चूक! सुट्टीत घरी आलो तेव्हा ओटीवर चार माणसे बसलेली होती. त्यांच्यादेखत आम्ही हा शोध जाहीर केला. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “झिला, तुजा गणित बरोबर आसा. पण आदी इलेलो माणूस पाण्याची वाट बघता. मागसून इलेल्याची पाणी वाट बघणा नाय.” माणसे हसली. म्हाताऱ्याने उत्तर टाळले, असे आम्हाला वाटले.

पुढे केव्हातरी भास्कराचार्यांची ‘लीलावती’ हाती आली, तीही पद्यरचनेच्या कुतूहलाने. ११५० सालचा हा अंकगणिताचा ग्रंथ श्लोकबद्ध आहे आणि त्यातली उदाहरणे एका मुलीला संबोधून घातली आहेत. लीलावतीच्या लग्नाची घटिका चुकल्याची दंतकथाही प्रसिद्ध आहे: वेळ मोजणाऱ्या घटिकापात्रात मोती पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त निघून गेला. ती कथा वाचताना आम्ही थबकलो. दिवसाच्या साठ घटिका, एक घटिका २४ मिनिटांची. ४८ मिनिटे म्हणजे बरोबर दोन घटिका! तिथीची दुप्पट केली की घटिकांतले उत्तर येते, आणि पौर्णिमेला तीस घटिका, म्हणजे नेमके बारा तास. जी चूक आम्ही आजोबांच्या पदरी बांधली होती, ती तासांच्या घड्याळात पाऊणकी बसवताना पडलेली तूट होती.

आणि आमचे ४८ तरी कोठे अचूक होते? ती निव्वळ सरासरी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीचा रोजचा उशीर कमी असतो, अष्टमीच्या आसपास जास्त. भरती-ओहोटीमागे चंद्र-सूर्याचे आकर्षण आहे, हे न्यूटनने १६८७ मध्ये मांडले. तरी एखाद्या बंदराची वेळ सांगायला ते पुरेना. विल्यम थॉमसनने १८७२-७३ मध्ये अनेक लहानमोठ्या लाटांची बेरीज करणारे यंत्र घडवले, आणि १८७९ मध्ये भारतातल्या बंदरांसाठी तसेच यंत्र तयार झाले. दुप्पट, पाऊणपट, सरासरी, लाटांची बेरीज: या पायऱ्यांपैकी कोणतीही अखेरची नाही. गणिताचा इतिहास म्हणजे चुकीकडून सत्याकडे निघालेली सरळ वाट, असे आम्ही समजत होतो. प्रत्येक नियम आपल्या गरजेएवढा असतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आम्ही चुकीचे माप काढले होते. तिची दिशा पाहिली नव्हती. पाऊणकीचे उत्तर चुकते ते आधीच्या बाजूला. त्यावर विसंबणारा लवकर पोहोचतो आणि बिडी ओढत बसतो. त्याची होडी वाळूत रुतत नाही. आजोबांनी उत्तर टाळले नव्हते. त्यांनी ते दोन वाक्यांत पुरे केले होते, आणि वाक्ये वाचण्याचा व्यवसाय करणाऱ्या आम्हाला ती वाचता आली नव्हती.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. काळ १२०७ च्या सुमाराचा. आजोबाच्या विद्येसाठी नातवाने मठ उभारला! आमच्या आजोबांची विद्या ओठांवर होती आणि नातू ती दहाच्या पुढे म्हणू शकत नाही. भरतीची वेळ आता हातातला फोन सांगतो, बिनचूक सांगतो. त्याबद्दल तक्रार नाही. तुमचे उत्तर आम्हाला कळले, एवढेच आजोबांना सांगायचे होते. पण आम्ही मागसून इलेले.