बाकी पुढे ओढली

सुरतेच्या कापडबाजारात मुनीमाला मेहताजी म्हणतात. रिंग रोडवरच्या एका पेढीवर मी मेहताजी म्हणून लागलो त्या वर्षी दिवाळीत चोपडापूजन झालं आणि एक कोरी चोपडी जास्तीची उरली. लाल कापडाची, वर पांढरी दोरी गुंडाळायची. शेठ म्हणाले, "लई जाओ, घरनो हिसाब लखजो." घरात हिशेब लिहावा एवढं काही नव्हतं. मी तिच्यात पुस्तकं लिहायला लागलो. पेढीच्या रिवाजाप्रमाणे डावीकडे जमा, उजवीकडे नावे. वाचलं ते जमा. वाचायचं राहिलं ते माझ्या नावे.

कादंबऱ्या या चोपडीत नाहीत. कादंबरी हाती आली की दोन रात्रींत फडशा पडतो, तिची उधारी राहत नाही. उधारी राहते ती इतिहासाची, चरित्रांची, जाडजूड ग्रंथांची. सवडीने वाचू म्हणून बाजूला ठेवलेल्यांची. आणि आमच्या धंद्यात सवड एकदाच मिळते. दिवाळीला बाजार बंद होतो तो लाभपाचमीला उघडतो. त्या चार-पाच दिवसांच्या भरवशावर मी पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'राजवाडे, मराठ्यांच्या इतिहासाची साधने, सर्व खंड'. खंड बावीस आहेत. तेव्हा माझं वय बावीस होतं, त्यामुळे आकडा मोठा वाटला नसावा.

राजवाडे यादीत आले ते वडिलांमुळे. आप्पा अमळनेरजवळच्या खेड्यातून लूम चालवायला सुरतेला आले. भुसावळ पॅसेंजरने येताना नवापूर लागतं; त्या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. आप्पांना त्याचं मोठं कौतुक. राजवाडे धुळ्यात वारले, 1926 साली, ही गोष्ट ते घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगत. त्यांनी स्वतः राजवाड्यांची एक ओळ वाचली नव्हती. दप्तरं धुंडाळत गावोगाव हिंडणारा एक माणूस आपल्या खानदेशात येऊन थांबला, एवढं त्यांना पुरे होतं. माय मात्र माझ्याकडे बघून म्हणायची, "वाचीसन काय करशी?" तिला उत्तर द्यायला अजून जमलेलं नाही.

1994च्या सप्टेंबरात प्लेग आला. आम्ही वेड रोडला राहत होतो. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडत होते, तसे आम्हीही तोंडाला फडकी बांधून गावाकडे निघालो. एका पिशवीत कपडे, एकीत भाकरी. भाकरीच्या पिशवीत तळाशी चोपडी होती, हे नंदुरबार गेल्यावर बायकोला कळलं. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही. गावी पंधरा दिवस होतो, तेवढ्यात शाळेच्या कपाटातून 'स्मृतिचित्रे' मिळालं आणि जमा झालं. प्लेगच्या भीतीत मी लक्ष्मीबाई टिळकांवर खदाखदा हसत होतो, याची गावात बरीच चर्चा झाली.

दुसरं संकट पाण्याचं. ऑगस्ट 2006. तापी घरात शिरली तेव्हा खोलीत छातीइतकं पाणी होतं. पुस्तकांची लोखंडी पेटी खाली राहिली. नंतर उघडली तर विकत घेऊन न वाचलेली सतरा पुस्तकं लगदा होऊन एकमेकांना चिकटलेली. चोपडी माळ्यावर होती, ती वाचली. म्हणजे माल गेला आणि उधारी तेवढी शाबूत. बाजारात याला बुडीत खातं म्हणतात आणि अशी रक्कम मांडून मोकळं व्हायचं असतं. मी त्या सतरांपैकी एकावरही काट मारली नाही. मेहताजी म्हणून ही चूकच.

शिवाजी महाराजांचं नाव चोपडीत तीन ठिकाणी येतं, आणि त्याला कारण पेढी आहे. सुरतेतल्या मराठी माणसाला 1664 आणि 1670च्या लुटींपासून सुटका नाही. जानेवारी आला की शेजारच्या दुकानातला कुणीतरी हमखास म्हणणार, "मेहताजी, तमारा महाराज आवे छे के?" सगळे हसतात, आपणही हसायचं. पण मला नीट माहीत असावं असं वाटे. कोण किल्ल्यात लपला, कोणाचा वाडा खणला, इंग्रजांनी वखार कशी राखली. म्हणून गजानन मेहेंदळ्यांच्या शिवचरित्राचे जाडे खंड नावे टाकले. जमा फक्त पहिल्याची शंभर पानं. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' (1915) मात्र पुरं झालं, तेही जीएसटीच्या कृपेने. जुलै 2017मध्ये बाजाराने बंद पाळला, दोन आठवड्यांहून जास्त शटर खाली. शेठ हवालदिल, आणि मी गच्चीत बसून बलुतेदारांचे हक्क वाचतोय. आप्पांनी गाव का सोडलं हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आत्र्यांनी पुष्कळसं सांगितलं.

निवृत्त झालो, चोपडी एकदा बारकाईने तपासली. नावे एकशे बारा. मराठी व्याकरण लिहिणाऱ्या दादोबा पांडुरंगांचं आत्मचरित्र त्यात होतं, प्रियोळकरांनी 1947 साली छापलेलं. ते आधी काढलं, कारण दादोबा सुरतेत शिक्षक होते. 1844मध्ये इथे मानवधर्म सभा निघाली, तिच्यात दादोबा होते आणि दुर्गाराम मेहताजी होते. मेहताजी म्हणजे तेव्हा शिक्षक. आमच्यासारखा जमाखर्चवाला नव्हे. दुर्गारामांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांत एक गुजराती लेखक नर्मद. या नर्मदने पुढे 1858 साली मास्तरकी सोडली, लेखणीवर जगायचं ठरवलं आणि 1866मध्ये स्वतःची कहाणी लिहिली, 'मारी हकीकत'. ती त्याच्या जन्मशताब्दीला, 1933 साली लोकांपुढे आली. आमलीरानमधलं त्याचं घर आमच्या बाजारापासून रिक्षाने काही मिनिटांवर आहे.

चोपडी पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. नर्मद कुठेच नाही. एकही गुजराती पुस्तक नाही. उभी हयात मी गुजरातीत बिलं वाचली, पार्सलच्या पावत्या वाचल्या, उधारीचे तगादे लिहिले. डोक्यावर रेघ नसलेल्या त्या अक्षरांत ताके आणि मीटर सोडून आणखी काही लिहिलेलं असतं, हे माझ्या खिजगणतीतच नव्हतं. यादी सगळी आलो त्या गावाची. राहिलो त्या गावाची एक ओळ नाही.

नर्मदच्या नावाने घोडदोड रोडला मोठं ग्रंथालय आहे. तिथे नातवाला घेऊन गेलो आणि 'मारी हकीकत' आणली. तो इथेच शिकतो, त्याचं गुजराती माझ्यापेक्षा चांगलं. अडलेल्या शब्दाला "आबा, एवढं येत नाही?" म्हणतो आणि सांगतो. दिवसाला दोन पानं होतात, कधी तीन. पुस्तक उजवीकडे लिहिलं, एकशे तेरावं. काल एकतिसाव्या पानावर होतो.