सामायिक घनकचरा करार: खानदेशातील एका वाटाघाटीचा अनुभव

सामायिक घनकचरा करार म्हणजे दोन किंवा अधिक स्थानिक स्वराज्य संस्थांनी कचऱ्याची वाहतूक, प्रक्रिया आणि विल्हेवाट यांचा खर्च व जबाबदारी लेखी वाटून घेणे. लहान नगरपालिकेकडे स्वतंत्र प्रकल्प चालेल एवढा कचरा जमत नाही, ग्रामपंचायतीकडे तर त्याहून कमी. यंत्र घेतले तरी ते बराच वेळ बंद राहते आणि ते चालवायला कायम माणूस परवडत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी एकत्र येण्याचा विचार पुढे येतो.

खानदेशात या विचाराला भूगोलाची जोड आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिका 2003 साली स्थापन झाल्या. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे 4 लाख 60 हजार, तर धुळ्याची सुमारे 3 लाख 75 हजार होती. दोन्ही शहरांदरम्यान साधारण 90 किलोमीटरचा महामार्ग आहे. त्याच्यावर एरंडोल आणि पारोळा, तर आजूबाजूला धरणगाव, अमळनेर अशी नगरपालिकांची गावे आहेत. पारोळा जळगाव जिल्ह्यात असले तरी त्याला धुळेच जवळ पडते. कचऱ्याच्या गाडीला जिल्ह्याची हद्द नसते, पण तिच्या डिझेलच्या बिलाला असते. दोन्ही जिल्हे नाशिक महसूल विभागात येत असल्यामुळे हद्द ओलांडणाऱ्या व्यवस्थेला विभागीय पातळीवर एकत्र बसण्याची सोय मात्र आहे.

कायद्याचा आधारही आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हा नगरपालिकांचा विषय म्हणून नोंदलेला आहे. नगरपालिका आणि पंचायती यांच्या समान हिताच्या बाबी जिल्हा नियोजन समितीने विचारात घ्याव्यात, असेही घटना सांगते. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी सुमारे 50 किलोमीटर परिसरातील शहरांसाठी खर्च वाटून घेऊन सामायिक भराव क्षेत्र उभारण्याची तरतूद केली आणि जागा शोधून देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवले. भराव क्षेत्र नदीपासून 100 मीटर आणि वस्ती, महामार्ग, तळे व पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून 200 मीटर दूर असावे, ही अटही त्यात होती. ग्रामीण भागात स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्याने तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र आणि त्यासाठी 16 लाख रुपयांपर्यंतची मदत देऊ केली. असे सामायिक काम प्रत्यक्षात चालतेही: गोव्यात साळगाव येथील प्रकल्प 2016 पासून बार्देशातील किनारी पंचायतींचा कचरा एका ठिकाणी हाताळतो.

खानदेशातील एका नगरपालिकेने आसपासच्या काही ग्रामपंचायतींशी अशीच बोलणी सुरू केली, तेव्हा इतिवृत्त आणि कराराचा मसुदा लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते. दिवाळीनंतर सुरू झालेली ही बोलणी पावसाळ्यापर्यंत चालली. करार कुठे अडतो आणि कुठे सुटतो, याचा क्रम त्यातून दिसला.

पहिला प्रश्न वजनाचा निघाला. कचरा किती, याचे उत्तर प्रत्येक संस्था अंदाजाने देत होती. लोकसंख्येला दरडोई 300 ग्रॅमने गुणले की 30 हजारांच्या गावाचा कचरा दिवसाला 9 टन निघतो. पण आठवडे बाजाराचा दिवस, लग्नसराई आणि पावसात भिजलेला कचरा या गुणाकारात बसत नाही. खर्चाची वाटणी लोकसंख्येवर करावी, असे लहान गावांचे म्हणणे होते. नगरपालिकेला ती खेपांवर हवी होती. शेवटी प्रत्येक ट्रॉली काट्यावर चढवायची आणि काटापावतीवरच आकारणी करायची, असे ठरले. पंधरा दिवस प्रत्यक्ष वजन केल्यावर दोन्ही बाजूंचे आकडे चुकीचे ठरले आणि वाद आपोआप ओसरला.

दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा. ओल्या कचऱ्यात पाण्याचे वजन असते. तो वीस किलोमीटर नेणे म्हणजे पाणी वाहून नेणे. त्याचे खत गावातच होऊ शकते. सुक्या कचऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचे गठ्ठे बांधले की तो दूर नेणे परवडते आणि खानदेशात त्याला गिऱ्हाईकही आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई उद्योग पुनर्वापराच्या प्लास्टिकवर मोठ्या प्रमाणात चालतो. प्लास्टिक धुऊन, तुकडे करून, वितळवून त्याचा दाणा पाडतात आणि दाण्यापासून चटईची पट्टी निघते. दाण्याचा भाव रंगावर आणि स्वच्छतेवर ठरतो. खरकट्यात भिजलेली पिशवी कोणी घेत नाही. त्यामुळे मिसळलेला कचरा आला तर ट्रॉली परत पाठवायची आणि परतीचे भाडे पाठवणाऱ्याने सोसायचे, हे कलम सर्वांत जास्त वेळ घेऊन लिहावे लागले. घंटागाडीवरच्या कामगारांना हातमोजे आणि दोन कप्प्यांची गाडी दिल्याशिवाय हे कलम लागू करायचे नाही, अशी पुरवणी त्याला जोडली गेली. तिच्याविना दंडाचा भार शेवटी त्यांच्यावरच पडला असता.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि करार तिथेच मोडण्याच्या बेतात आला. मसुद्यात ज्या गावच्या गायरानावर कचऱ्याचे सामायिक केंद्र होणार होते, ते गाव फक्त गट क्रमांकाच्या रूपाने होते. पैसे देणाऱ्या संस्था पक्षकार आणि कचरा सोसणारे गाव केवळ जागा, ही चूक लिहिणाऱ्याची होती. ग्रामसभेने मसुदा फेटाळला. गावकऱ्यांचे आक्षेप अहिराणीत आले आणि ते नेमके होते. वाऱ्याने उडालेले प्लास्टिक बोंडांत अडकते आणि कापसाचा भाव पडतो. वैशाखात कचरा पेटतो आणि धूर वस्तीवर येतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसाचे पाणी कचऱ्यातून या भेगांत उतरते आणि पुढे विहिरीत जाते.

दुसरा मसुदा या आक्षेपांवरून लिहिला गेला. त्यात यजमान ग्रामपंचायत पहिली पक्षकार झाली. भराव क्षेत्राचा विषय वगळून करार सुक्या कचऱ्यापुरता ठेवला गेला. ओला कचरा ज्याचा त्याने जिरवायचा. केंद्राला छप्पर, सिमेंटची फरशी आणि जाळीचे कुंपण घालण्याचा खर्च इतरांनी उचलायचा. प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम यजमान गावाच्या खात्यात जमा करायची, जवळच्या विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासायचे, केंद्रातील कामावर आधी त्याच गावच्या माणसांना घ्यायचे. न विकला जाणारा उरलेला कचरा ज्याचा त्याने वजनाच्या प्रमाणात परत न्यायचा. सलग तीन महिने अटी मोडल्या, तर कचरा घेणे थांबवण्याचा अधिकार यजमान गावाला मिळाला. हा मसुदा ग्रामसभेने स्वीकारला आणि त्यानंतरच इतर संस्थांनी आपापले ठराव केले.

म्हणून असा करार लिहिताना क्रम असा असावा: आधी प्रत्यक्ष वजन, मग ओल्या-सुक्याची विभागणी, मग यजमान गावाशी बोलणे आणि सर्वांत शेवटी दर. करारात मुदत, दरवाढीचे सूत्र, हिशेब तपासणी, वाद मिटवण्याची व्यवस्था आणि बाहेर पडणाऱ्या संस्थेची देणी हीही कलमे लागतात. ज्या शिवारात कचरा उतरणार, त्या शिवाराची सही पहिली असेल, तर बाकीची कलमे पाळून घेणारा कोणीतरी जागेवर असतो.