देशाची सावड

सावड म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. पण जो देशाच्या कामाला जातो, त्याच्या शेतात कोण येते?

मी भिवंडी तालुक्यातला. घरचे थोडे भात आणि शहरात यंत्रमागावर काम, असा माझा संसार. तरुणपणी प्रादेशिक सेनेत भरती झालो. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते हिचे उद्घाटन झाले. आपला धंदा सांभाळून शिपाई व्हायचे, अशी ही फौज. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिने काम केले. पहिल्या वर्षी महिनाभर कवायत, पुढे वर्षाकाठी साधारण दोन महिने शिबिर. पगार बोलावलेल्या दिवसांचाच.

एका वर्षी शिबिराचे पत्र नेमके भात पिवळे पडताना आले. मागमालक म्हणाले, "अरे, दोन महिने माग काय उभे ठेवू?" परत आलो तेव्हा माझ्या मागांवर दुसराच माणूस होता. प्रादेशिक सेनेच्या १९४८ च्या कायद्यात, अशा शिपायाला मालकाने परत कामावर घ्यावे, अशी तरतूद आहे. पण माझी मजुरी मीटरवर, नाव कोणत्याच वहीत नाही. दाखवू काय?

शेतावर गेलो तर भाताची उडवी रचलेली! पिकले भात थांबत नाही, दाणा गळतो. बायकोने पाच घरांशी सावड केली आणि ती फेडायला स्वतः पाचही शेतांत कापणीला गेली. तिच्या हाताला विळ्याच्या जखमा होत्या. म्हणाली, "तुमची हजेरी पलटणीत लागली, माझी पाच घरी."

तेव्हा मान खाली गेली. भरतीच्या कागदावर सही करताना मी तिला विचारलेसुद्धा नव्हते.

तुमच्या घरातला मुलगा या सेनेत जाऊ म्हणेल तर त्याला अडवू नका. वयाच्या १८ पासून ४२ पर्यंत जाता येते. पण आधी घरात बसून हिशेब मांडा. नोकरी असेल तर नेमणुकीचा कागद जपा, शिबिराचे पत्र येताच मालकाला लेखी कळवा. आणि सावड आधीच ठरवा. तो परतला की ती फेडायला त्यालाच पाठवा, सुनेला नव्हे.