किल्लारीच्या वाटेवर

नांदेडहून गोदावरीचा निरोप घेऊन लोहा, अहमदपूरमार्गे आपण लातूरला पोहोचावे आणि तेथून औशाच्या रस्त्याने किल्लारी गाठावी. वाटेत काळ्या जमिनी, मोसमात तुरी-सोयाबीनची शेते आणि मधूनच सरळ आखलेल्या रस्त्यांची गावे दिसतात. ही गावे भूकंपानंतर नव्याने वसलेली आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची भूमी हादरली. गणेश विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे अंगावर कोसळली. सुमारे १० हजार माणसे गेली. ५२ गावे मूळ जागा सोडून दुसरीकडे वसवावी लागली.

नवी घरे पक्की आणि मोकळी झाली. तरी कित्येक जण पुढे दीर्घकाळ छताखाली झोपू धजत नव्हते. शिवाय जुन्या गावाबरोबर ओटा, पार आणि भिंतीला भिंत लागलेला शेजारही गेला होता. दुःख बोलण्याची जागाच हरवली होती. पुनर्बांधणीच्या काळात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. काम घरबांधणीचे होते. पण त्यानिमित्ताने घरात कोंडलेल्या बायका पुन्हा एकत्र बसू लागल्या.

मानसोपचारातील समूह-उपचाराचे मर्मही एकत्र बसण्यात आहे. आठ-दहा समदुःखी माणसे प्रशिक्षित समुपदेशकासह ठरल्या वेळी नियमित भेटतात. ज्याला जेवढे सांगावेसे वाटेल तेवढेच त्याने सांगावे. ऐकलेले बाहेर नेऊ नये. कोणी कोणाला उपदेश करू नये, एवढेच नियम. ‘हे माझ्या एकट्याचेच नाही’ ही जाणीव मनावरचा भार हलका करते.

तेव्हा चाळिशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. आपल्या घरातील वृद्ध व्यक्ती मोठ्या आवाजाने दचकत असेल, रात्री दार उघडे ठेवण्याचा हट्ट धरत असेल, तर त्यास विक्षिप्तपणा म्हणू नका. जुन्या आघाताची ती खूण असू शकते. ‘आता विसरा’ असे म्हणू नये आणि ‘काय झाले ते सांगाच’ असा आग्रहही धरू नये. बळेच उकरलेली जखम अधिक चिघळते. शेजारी बसावे, ऐकावे, भजनी मंडळ किंवा ज्येष्ठांच्या कट्ट्यापर्यंत सोबत करावी. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली किंवा जगणे नकोसे झाल्याचे उद्गार निघू लागले, तर मात्र विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते.

किल्लारीस जाल तेव्हा स्मारकापाशी हात जोडाच. पण एखाद्या आजीच्या दारात घटकाभर टेकायलाही विसरू नका. तिने ऊन-पावसाच्या गोष्टी काढल्या, तर त्याच मनापासून ऐका.