दोन वॉट शिल्लक

प्रत्येक गृहस्थाजवळ आयुष्यभर सांगत राहावी अशी एक स्वस्त खरेदी असते. कुणी जुन्या बाजारात सापडलेल्या पितळी समईची हकीकत सांगतो, कुणी घासाघीस करून मिळवलेल्या पैठणीची. माझी हकीकत आमच्या घरातल्या संगणकाची आहे. 2020 साली कॉलेजे घरातूनच भरू लागली, तेव्हा मुलीसाठी तो मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका दुकानातून जुळवून घेतला. यंत्राला वीज पुरवणारा जो पॉवर सप्लाय, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, त्याचे दोन डबे मालकाने माझ्यापुढे ठेवले. एक बावीसशेचा, दुसरा सातशेचा. गंमत अशी की, महागड्यावर 450 वॉट असे छापलेले होते आणि स्वस्तावर चांगले ठळक 500! तरीही मालक महागडाच घ्या म्हणून आग्रह करीत होता. मी मनातल्या मनात हसलो आणि सातशेचा उचलला. त्यानंतर बदलापूरला आमच्याकडे आलेला एकही पाहुणा वाचलेल्या पंधराशे रुपयांची कथा ऐकल्यावाचून चहा पिऊन गेलेला नाही.

मुलगी आता थ्री-डी अ‍ॅनिमेशन शिकते. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी तिने अंबरनाथचे शिवमंदिर निवडले. वालधुनीच्या काठी 1060 सालापासून उभे असलेले ते देऊळ तिला पडद्यावर उभे करायचे होते. रविवारी तिकडे जाऊन खांबांची, शिल्पांची, खाली गाभाऱ्यात उतरणाऱ्या पायऱ्यांची छायाचित्रे काढावीत आणि घरी येऊन एकेक दगड रचावा, असा तिचा क्रम. पण मंदिर जसजसे वर चढू लागले तसतसा आमचा संगणक खाली बसू लागला. रात्री काम लावून झोपावे, तर सकाळी एकच चित्र पुरे झालेले. ग्राफिक्स कार्ड बसवले तर हेच काम कितीतरी लवकर होईल, असे तिचे शिक्षक म्हणाले होते. त्यासाठी ती शिकवण्या करून पैसे साठवीत होती. यंदा दिवाळीला उरलेली रक्कम आपण घालावी आणि तिला नकळत कार्ड आणून समोर ठेवावे, असा बेत मी मनाशी केला.

एका शनिवारी मी उल्हासनगरला त्याच दुकानी गेलो. मालकाने मला ओळखले. आरटीएक्स 3060 नावाचे कार्ड मागताच त्याने विचारले, "काका, एसएमपीएस कोणता आहे?"

"पाचशे वॉटचा. तुमच्याकडचाच की!" मी ऐटीत सांगितले.

तो हसला नाही. उलट त्याने कार्डाचा खोका परत फळीवर ठेवला. म्हणाला, "तेव्हाच बोललो होतो, हा डबा साध्या कामाला चालेल, पुढे कार्ड लावाल तर बदलावा लागेल. आधी लेबल बघून या. मोठा आकडा नको, बारा व्होल्टच्या ओळीत काय लिहिलं आहे ते आणा. मग कार्ड देतो."

सत्तावीस हजारांच्या घरातले गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी प्रथमच पाहिला. आणि त्याने तेव्हा तसे सांगितले होते, हेही मला लख्ख आठवले. घरी सांगताना कथेतला तेवढा भाग मी नेमाने गाळीत आलो होतो.

परतताना अंबरनाथला उतरलो आणि थोरल्या मेहुण्यांना बरोबर घेतले. ऑर्डनन्स फॅक्टरीत त्यांची हयात विजेच्या कामात गेली. आता निवृत्त आहेत, पण खिशातला टेस्टर निवृत्त झालेला नाही. मुलगी क्लासला गेली होती. त्यांनी आधी भिंतीतली पिन काढायला लावली आणि मग कॅबिनेटची बाजूची झडप उघडली. "एसएमपीएसचा डबा मात्र कधी उघडायचा नाही," त्यांनी बजावले. "पिन काढल्यावरही आत वीज साठून राहते. आपल्याला फक्त लेबल वाचायचं आहे."

लेबलावर बारीक अक्षरांत एक कोष्टक होते. 3.3 व्होल्टच्या ओळीत 20 अँपिअर, 5 व्होल्टच्या ओळीत 20 आणि 12 व्होल्टच्या ओळीत 16.

"व्होल्टला अँपिअरने गुणा, भावोजी. वॉट निघतील."

मी गुणाकार केले. 66, 100 आणि 192. बेरीज 358. उरलीसुरली चिल्लर धरली तरी ती पावणेचारशेच्या वर जाईना.

"मग हे पाचशे आले कुठून?"

"छापखान्यातून," मेहुणे शांतपणे म्हणाले.

पुढे त्यांनी जे सांगितले ते असे. जुने संगणक 5 व्होल्टच्या ओळीवर बरीच वीज घेत. हल्ली प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही खादाड पाहुणे 12 व्होल्टच्याच पंक्तीला बसतात. तेव्हा आमच्या डब्याची खरी ताकद 192 वॉट. आता खर्चाची बाजू. कार्ड 170 वॉटचे. प्रोसेसर कागदावर 65 चा, पण काम ऐन भरात आले की त्याहून अधिक मागणारा. बोर्ड, डिस्क, पंखे मिळून 50 धरावेत. बेरीज 285. शिवाय कार्डाचा भार क्षणभर उसळी घेतो, आणि सप्लाय जसजसा जुना होतो तसतसा त्याचा दमही कमी होतो. म्हणून हातचे राखून ठेवावे लागते. कार्ड बनवणारी कंपनी स्वतः 550 वॉटचा, अर्थात खऱ्या वॉटचा, सप्लाय घ्या म्हणून सांगते, ते याचसाठी.

आणखी एक अडचण होती. बोर्डावरच्या खाचेतून कार्डाला फार तर 75 वॉट मिळतात. बाकीची वीज आठ पिनांच्या वेगळ्या वायरीने द्यावी लागते. आमच्या डब्याला तसली वायरच नव्हती.

"जोडवायर मिळते म्हणे बाजारात," मी आशेने म्हणालो.

"सोसायटीत नळ वाढवले म्हणून टाकीत पाणी वाढतं का?" मेहुणे म्हणाले. "चांगला सप्लाय भार सोसेनासा झाला की आपण होऊन बंद पडतो. हलका कधीकधी जाताना बोर्ड आणि डिस्क दोघांनाही बरोबर घेऊन जातो."

त्या डिस्कवर एक अख्खे देऊळ होते. सात महिन्यांचे रविवार होते. माझ्या पोटात गोळा आला.

झडप परत लावताना मला लेबलावर काहीतरी दिसले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. 12 व्होल्टच्या ओळीतल्या 16 या आकड्याभोवती पेन्सिलीने एक लहानसे वर्तुळ काढलेले होते. आमच्या घरात पेन्सिल फक्त एकच व्यक्ती वापरते.

संध्याकाळी मुलगी आली. मामांना आणि उघड्या टेबलाला पाहून ती काय ते समजली. काही न बोलता तिने वही आणून माझ्या हाती दिली. त्यात हा सारा हिशेब दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेने मांडलेला होता. फक्त 170 खोडून तिथे 75 केले होते. जीटीएक्स 1650 नावाचे हे लहान कार्ड खाचेतल्या विजेवरच चालते, वेगळी वायर लागत नाही. 75, 65 आणि 50. एकूण 190. खाली लिहिले होते : शिल्लक 2.

"पण अगं, तुला तर मोठं कार्ड हवं होतं ना? मग मला सांगितलं का नाहीस?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही ती पंधराशे रुपयांची गोष्ट किती रंगवून सांगता! डबा बदलायचा म्हटलं असतं तर..."

वाक्य तिने पुरे केले नाही. मेहुणे खिडकीबाहेर पाहू लागले. मला मात्र त्या 190 च्या बेरजेत न लिहिलेला एक भार दिसू लागला होता. तो माझ्या फुशारकीचा होता आणि पोरीने तो मुकाट्याने आपल्या अंगावर घेतला होता. आपल्या कामाचे कार्ड लहान करून तिने बापाचा आकडा मोठा ठेवला होता.

"दोन वॉट शिल्लक ठेवून संसार होत नाही," मी म्हणालो. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा एकदा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे उल्हासनगरला गेलो. मालकाने 650 वॉटचा सप्लाय काढला. या वेळी मोठ्या आकड्याकडे न पाहता मी खोका उलटा केला आणि बारीक अक्षरे वाचली. 12 व्होल्ट, 54 अँपिअर. तोंडी गुणाकार केला : 648. आठ पिनांची वायर आहे की नाही तेही पाहिले. पाच हजारांवर रक्कम मोजताना मी घासाघीस केली नाही, तेव्हा मालकानेच आपण होऊन दोनशे कमी केले.

आता देवळाचे एक चित्र आमची जेवणे आटोपेपर्यंत तयार होते. परवा फराळाला पाहुणे आले. त्यांनी संगणकाकडे पाहताच मुलीने घाबरून माझ्याकडे पाहिले. मी पंधराशे रुपयांची गोष्ट सांगायला घेतली, आणि या वेळी ती शेवटपर्यंत सांगितली.