102 सेंटिमीटर

आमचा धाकटा त्या दिवशी 98 सेंटिमीटर भरला. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये ‘हायपरस्पेस माउंटन’ नावाची अंधारातून धावणारी गाडी आहे. तिच्या रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी आहे आणि तिच्यावर 102चा आकडा. तिथल्या मुलीने त्याला पट्टीला पाठ टेकवून उभं केलं, डोक्यावर तळहात आडवा धरला. हात खुणेच्या खालीच राहिला. दोन बोटं कमी. त्याने मान ताणली, मग हळूच टाचा उचलल्या. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, हसून त्याच्या टाचांकडे बोट दाखवलं. त्याने टाचा टेकल्या आणि भोकाड पसरलं.

माझ्याही तोंडून निघालंच, “दोनच बोटं तर कमी आहे.” तिकीट काढलेलं होतं, तेही त्याचं वेगळं. तीन वर्षांखालच्यांना तिथे फुकट सोडतात, हा चार वर्षांचा. पैसे घेतलेत तर बसू द्या, असा माझा साधा हिशेब. तिने वाद घातला नाही. डावा हात मांडीवर आडवा धरला, गाडीतल्या दांड्यासारखा, आणि त्याच्याखालून उजव्या हाताची मूठ सरकन बाहेर काढून दाखवली. लहान अंग असं निसटतं. मला भाषेची गरजच पडली नाही.

थोरली सात वर्षांची, ती खुणेच्या वर होती. हे तिला घेऊन गेले, मी धाकट्याला घेऊन बाहेर बसले. ते परत आल्यावर मला थोरलीबरोबर पुन्हा रांग न लावता आत सोडलं, कारण लहान मुलाला सांभाळणाऱ्या आईबापांसाठी तशी सोयच ठेवलेली आहे. माझ्या आधी हा पेच कुणीतरी ओळखला होता, आणि तो सोडवून ठेवला होता.

आम्ही रायगड जिल्ह्यातल्या थळचे. माझी नणंद हाँगकाँगला असते. 2024च्या दिवाळीनंतर तिने हट्टाने बोलावून घेतलं. भारतीय पासपोर्टवर तिथे जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती करून दिली तिनेच. थळहून मांडवा, मांडव्याहून बोटीने गेटवे, तिथून विमानतळ. आमच्या मुलांच्या दृष्टीने परदेश प्रवासाची सुरुवात बोटीनेच झाली. तिथे सनी बे स्टेशनवर गाडी बदलली, तर डिस्नेलँडला जाणाऱ्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. धाकटा खिडकीतून बाहेर न बघता खिडकीच बघत बसला.

आत गेल्यावर मुलांचं जे झालं ते सगळ्या मुलांचं होतं, त्यावर फार लिहीत नाही. ‘फ्रोझन’चं नवं गाव थोरलीला घरी न्यायचं होतं. पण एक प्रसंग सांगावासा वाटतो. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ नावाची एक सफर आहे. होडीत बसायचं आणि उथळ पाण्याच्या पाटातून, देशोदेशीच्या नाचणाऱ्या बाहुल्यांमधून जायचं. 1964च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात युनिसेफसाठी ही सफर पहिल्यांदा उभी राहिली, मेरी ब्लेअर या चित्रकर्तीच्या रंगांनी ती सजली, आणि हाँगकाँगला ती 2008 साली आली. होडीत बसताच थोरलीने वाकून पाण्याचा वास घेतला. “आई, या पाण्याला वासच नाही!” धाकट्याला दुसरीच काळजी. भरती कधी येणार, असं त्याने दोनदा विचारलं. येणार नाही म्हटल्यावर तो गप्प बसला. न हलणारी होडी त्याने तोवर पाहिलीच नव्हती.

धाकट्याला मांडीवर घेऊन मी ज्या बाकावर बसले होते, तिथे मला वॉल्ट डिस्नेची एक गोष्ट आठवली. ती त्यानेच सांगून ठेवलेली आहे. शनिवारी तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घोड्यांच्या चक्रावर बसायला न्यायचा. मुली फिरत असायच्या आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खात असायचा. आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, हे त्याला त्या बाकावर सुचलं. 17 जुलै 1955ला कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नेलँड उघडलं. बाकावर ताटकळलेल्या बापाच्या डोक्यातून ती जागा निघाली आहे, हे तिथे दिवसभर वावरताना कळत राहतं. पाण्याचा नळ मुलाच्या तोंडाला पोचतो. तान्ह्या बाळांना पाजायला, लंगोट बदलायला वेगळी खोली आहे. बाबागाड्या लावायला जागा आखलेली आहे. आणि प्रत्येक मोठ्या खेळाच्या दाराशी ती पट्टी. लोखंडी माणसाच्या खेळाला 102, अस्वलाच्या खाणगाडीला 112, उलटसुलट झोके घेणाऱ्या मोटारीला 120. खेळाप्रमाणे आकडा बदलतो, कारण प्रत्येक खेळ अंगाला वेगळा झटका देतो.

परत आल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, “एवढे पैसे घालून खोटा किल्ला बघायला गेलात? आपल्यापुढे दोन खरे उभे आहेत की!” त्यांचं चुकलं नव्हतं. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की उंदेरी अगदी जवळ आणि तिच्यापलीकडे खांदेरी. हाँगकाँगचा किल्ला खोटाच होता. ती जागासुद्धा समुद्रात भराव टाकून वाढवलेली आहे. पूर्वी त्या पेनीज बेमध्ये जहाजं बांधणारी गोदी होती, ती हलवली आणि 12 सप्टेंबर 2005ला तिथे डिस्नेलँड सुरू झालं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला भराव हा शब्द कानाला बरा लागत नाही. मलाही नाही. पण काकूंना मी एवढंच सांगितलं की किल्ला खोटा होता, ती पट्टी मात्र खरी होती.

त्याचा अर्थ मला स्वतःला नीट कळला तो दोन महिन्यांनी, खांदेरीला जाताना.

जानेवारीत पाहुणे आले होते, त्यांच्याबरोबर आम्हीही निघालो. मुलांना खांदेरीचं वेड आहे. तिथे एक खडक आहे, त्यावर दगडाने ठोकलं की भांड्यासारखा नाद येतो. लोखंडी चाकांच्या गाड्यावरच्या तोफा आहेत. 1867चा दीपस्तंभ आहे. आणि कोळ्यांचा वेताळ आहे, त्याला हात जोडल्याशिवाय आमच्याकडचं कुणी त्या बेटावरून परतत नाही. आमचे सासरे मुलांना खांदेरी सांगतात ती 1679पासून. महाराजांनी मुंबईच्या तोंडावर हा किल्ला बांधायला घेतला, मायनाक भंडारी बेटावर पाय रोवून राहिला, इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला तरी काम थांबलं नाही. पुढच्याच वर्षी सिद्दीने उंदेरी धरली आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. 1718ला इंग्रज पुन्हा आले ते कान्होजी आंग्र्यांकडून मार खाऊन गेले. हे ऐकताना धाकटा प्रत्येक वेळी विचारतो, लढाईत मुलं होती का?

होडीत चढताना लाइफ जॅकेटं वाटली. सगळी एकाच मापाची, मोठ्या माणसाची. धाकट्याच्या अंगात घातलं तर ते गुडघ्यांपर्यंत आलं. दोन्ही पट्ट्या शेवटच्या छिद्रापर्यंत आवळल्या, तरी त्याच्या छातीत आणि जॅकेटात माझे दोन्ही हात सहज शिरत होते. खांद्याशी धरून वर ओढलं, तर त्याचं तोंड आत गेलं आणि नुसते केस दिसायला लागले. पाहुण्यांची पोरं हसली. मला मात्र ती मूठ आठवली, दांड्याखालून सरकन निसटलेली.

होडीवरच्या म्हाताऱ्या तांडेलकाकांनी ते पाहिलं. “थांब गो बाय, पान्यान परला त यो वरशीच निघल,” म्हणाले. वल्ह्याशेजारच्या जाळ्याच्या ढिगातून त्यांनी दोरीचा एक तुकडा काढला. जॅकेटाच्या मागच्या कडेला एक टोक बांधलं, दोरी धाकट्याच्या दोन पायांमधून पुढे घेतली, पुढच्या पट्टीतून ओवली आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारली. मग खांद्याला धरून वर ओढून पाहिलं. आता जॅकेट वर येईना. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. लहान मुलांसाठी बनवलेल्या चांगल्या जॅकेटांना पायांमधून जाणारी अशीच पट्टी शिवलेली असते, हे मला नंतर शोधल्यावर कळलं. तांडेलकाकांना ते कुणी शिकवलं नव्हतं. पाण्यात पडलेल्या अंगाचं काय होतं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं.

म्हणून आमच्याकडे जाण नाही, असं कुणी म्हणू नये. कोळीवाड्यातली मुलं सात-आठ वर्षांची झाली की धक्क्यावरून उड्या मारतात, त्यांना जॅकेटाची सवय नाही आणि कुणी घाला म्हटलं तर त्यांना हसू येतं. त्यांचं शरीर पाणी ओळखतं. पण खांदेरीच्या होडीत आता पुण्या-ठाण्याहून आलेली मुलं बसतात, ज्यांनी तोवर पाणी पाहिलं ते सोसायटीच्या तलावाचं, कमरेइतकं. ती भरतीची आणि उधाणाची मुलं नाहीत. शिवाय जी दोरी तांडेलकाकांनी माझ्या मुलाला बांधली, ती वीस मुलं चढली तर वीस वेळा कोण बांधणार?

आम्ही हाँगकाँगहून परतलो आणि आम्ही खांदेरीला गेलो, त्यांच्या मधे 18 डिसेंबरचा दिवस येऊन गेला होता. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. ज्या गेटवेहून आम्ही मुलांना घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी ये-जा करतो, त्याच पाण्यात. गेलेल्यांमध्ये लहान मूलही होतं. त्यानंतर गेटवेला जॅकेट घालायची सक्ती झाली. ती व्हायलाच हवी होती. पण मोठ्याचं जॅकेट लहान मुलाच्या अंगात घालून सक्ती पुरी होत नाही. मूल आत असतं आणि तरी सुरक्षित नसतं, आणि आई मात्र निर्धास्त बसते. माझ्या मते हे सगळ्यांत वाईट.

मोठ्या जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत जॅकेटांची मापं ठरलेली आहेत. 15 किलोच्या आणि 100 सेंटिमीटरच्या आतल्या बाळासाठी एक. 15 ते 43 किलो आणि 155 सेंटिमीटरपर्यंतच्या मुलासाठी दुसरं. त्यापुढच्यांसाठी तिसरं. हे वाचताना मी थबकले. 98 सेंटिमीटरचा आमचा धाकटा इथेही पहिल्याच मापात बसत होता. हाँगकाँगच्या पट्टीने त्याला ज्या कारणाने बाहेर ठेवलं, त्याच कारणाने समुद्रावरच्या नियमाने त्याच्यासाठी वेगळं जॅकेट सांगितलेलं आहे. दोघांनीही त्याच्या अंगाचा विचार केलेला होता.

परदेशातच हे जमतं, असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात खोपोलीजवळ 2013पासून इमॅजिका आहे, तिथेही पाळण्यांच्या दाराशी उंचीच्या खुणा आहेत, आणि आपलेच लोक त्या रांगेत मुलांना उभं करून मोजू देतात. कुंपणाच्या आत जे सगळ्यांना पटतं, ते धक्क्यावर का पटू नये? तिथला झटका यंत्राचा असतो आणि किती बसणार हे आधी ठरलेलं असतं. इथला लाटेचा, तो कुणालाच सांगून येत नाही.

11 जुलै 2025ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आमच्या जिल्ह्याचे दोन, रायगड आणि खांदेरी. त्या संध्याकाळी थळच्या किनाऱ्यावर सगळ्यांचे चेहरे फुललेले होते. सासरे बराच वेळ खांदेरीच्या दिव्याकडे बघत बसले होते. मीही खूश होते, अजूनही आहे. आता लोक येणार, कुटुंबं येणार, शाळांच्या सहली येणार. फलक लागतील, धक्के होतील, कमानी होतील. हे सगळं व्हावं. पण त्याआधी होडीत लहान मापाची जॅकेटं यावीत. त्याला मोठा निधी लागत नाही, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. ग्रामपंचायतीने, मच्छिमार सोसायटीने, नाहीतर चार होडीवाल्यांनी मिळून वर्गणी काढली तरी हंगामाआधी होईल. सहल आणणाऱ्या शाळांनी होडी ठरवतानाच विचारावं. भाव काय, किती वाजता निघणार, हे विचारतोच आपण. त्याच्याआधी विचारावं की लहान माप आहे का. दहा जणांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी ते होडीत असेल.

आम्ही आमच्यापुरतं केलं आहे. गेल्या दसऱ्याला सोनं-कपडे न घेता दोन मापांची दोन-दोन जॅकेटं आणली, पायांमधून जाणाऱ्या पट्टीची. तांडेलकाकांनी प्रत्येकाच्या पट्ट्या ओढून पाहिल्या आणि “बेस हाय” म्हणाले. धाकटा आता 104 सेंटिमीटर आहे, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केलेली आहे. त्याचं पहिलं माप त्याला आखूड झालं, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचं आहे. चारही जॅकेटं आमच्या ओटीवर खुंटीला टांगलेली असतात. खांदेरीला जायला मुलांना घेऊन थळला आलात, तर कोळीवाड्याच्या वाटेवर कुणालाही जॅकेटवाल्या ओटीचं घर विचारा. मागायला संकोच करू नका, आणि परतताना समुद्राचं पाणी लागलेलं असेल तर तेवढं गोड्या पाण्याने खळबळून द्या.