डीएमझेडची बस

पाठीवर सॅक टाकून व्हिएतनाम करणाऱ्यांचा एक ठरलेला रूट आहे. हनोई, ह्वे, होई आन, सायगाव. किंवा उलटा. यातल्या ह्वेला पोचलात की हॉस्टेलच्या काउंटरवरून एक लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकतो: डीएमझेड टूर, पूर्ण दिवस, इंग्लिश बोलणारा गाईड, जेवणाचे पैसे वेगळे.

डीएमझेड म्हणजे डिमिलिटराइज्ड झोन. शुद्ध मराठीत निर्लष्करी पट्टा. नाव निर्लष्करी, आणि अख्ख्या युद्धातल्या सगळ्यात भयंकर लढायांपैकी काही झाल्या त्या याच्याच आसपास. व्हेरिएबलला इतकं चुकीचं नाव कोणी दिलं असतं तर कोड रिव्ह्यूमधे फाडून खाल्ला असता त्याला!

दोन नोकऱ्यांच्या मधे मला तीन आठवडे मिळाले होते. एरवी मी गाईडेड टूरच्या वाटेला जात नाही. पुढे झेंडी धरलेला माणूस आणि मागे आपण मेंढरांसारखे, हे काही जमत नाही बुवा. पण इथे गोष्ट वेगळी आहे. एक तर ठिकाणं लांब लांब पसरलेली. आणि दुसरं म्हणजे, बघण्यासारखं तिथे फारसं उरलेलंच नाही. खिडकीतून हिरवागार डोंगर दिसतो. त्या डोंगरावर काय झालं हे सांगणारा माणूस शेजारी नसेल तर तो नुसता डोंगर. म्हणून बस.

आमचे गाईड पन्नाशीचे. मी मनातल्या मनात त्यांना 'काका' करून टाकलं. बसमधे दोन जर्मन मुली, एक फ्रेंच कुटुंब, चार ऑस्ट्रेलियन पोरं (रात्रीची उतरलेली नव्हती), आणि मी. काकांनी पहिलीच सूचना दिली ती फोटोबद्दल नाही, पायवाटेबद्दल. पायवाट सोडायची नाही. गवतात चमकणारं काही दिसलं तर हात लावायचा नाही. बसमधे हसणं चालू होतं, ते जरा थांबलं. व्हिएतनाम सरकारच्या आकड्यांनुसार १९७५ नंतर, म्हणजे युद्ध संपल्यावर, जमिनीत राहिलेल्या स्फोटकांनी चाळीस हजारांच्या आसपास माणसं मारली आहेत. क्वांग त्री प्रांतात ती शोधून निकामी करायचं काम अजून चालू आहे.

थोडा इतिहास, पटकन. फ्रेंच हरल्यावर जुलै १९५४ मधे जिनिव्हा करार झाला आणि १७व्या अक्षांशाजवळ देश 'तात्पुरता' दोन भागांत वाटला. बेन हाय नदी मधे, दोन्ही बाजूंना साधारण पाच-पाच किलोमीटरचा पट्टा. १९५६ मधे निवडणुका घेऊन देश पुन्हा एक करायचा असं ठरलं होतं. त्या निवडणुका झाल्याच नाहीत. तात्पुरती रेघ २१ वर्षं टिकली. (तात्पुरता पॅच प्रॉडक्शनमधे किती वर्षं राहतो हे आपल्याला काय नवीन आहे!)

सकाळी हायवे नऊने डोंगरात. वाटेत रॉकपाइल, म्हणजे एक उभा सुळका. त्याच्या माथ्यावर अमेरिकन टेहळणी ठाणं होतं, पाण्यापासून सगळं हेलिकॉप्टरने चढवायचे. मग खे सान. २१ जानेवारी १९६८ ला इथल्या तळाला वेढा पडला आणि ७७ दिवस चालला. आत साधारण सहा हजार सैनिक. त्यांना वाचवायला अमेरिकेने आजूबाजूच्या डोंगरांवर सुमारे एक लाख टन बाँब टाकले. आणि इतकं करून जुलैमधे तो तळ स्वतःच मोडून टाकला, निघून गेले. आज तिथे लाल माती, कॉफीचे मळे, एक म्युझियम आणि आवारात मांडून ठेवलेली हेलिकॉप्टरं. 'मेलेल्या सैनिकांचे' म्हणून गळ्यातले बिल्ले विकणारा एक जण मागे लागला. काका हळूच म्हणाले, "नवे आहेत सगळे."

दुपारी हिएन लुओंग पूल. मूळ पूल १९६७ मधे बाँबिंगमधे गेला, आताचा तसाच पुन्हा बांधलेला. अर्धा निळा, अर्धा पिवळा. फाळणीच्या काळात दोन्ही बाजूंनी लाउडस्पीकर लावून एकमेकांवर भाषणं आणि गाणी सोडायचे. एकाने झेंड्याचा खांब उंच केला की दुसरा त्याहून उंच करायचा. काका म्हणाले, "रंगाचंही तेच. दक्षिणेने आपला अर्धा भाग वेगळा रंगवला की उत्तर लगेच त्याच रंगाने आपला अर्धा रंगवायची. कारण देश एक आहे, तर पूलही एका रंगाचा पाहिजे." मग मला म्हणाले, "तुम्ही इंडियन ना? तुमची माणसं होती इथे." खरंच होती. करार पाळला जातोय का ते बघायला नेमलेल्या आयोगात भारत, कॅनडा आणि पोलंड होते, आणि अध्यक्षपद भारताकडे. शाळेच्या पुस्तकात हे वाचल्याचं मला अजिबात आठवत नाही.

मग व्हिन मॉक. सायगावजवळच्या कू ची बोगद्यांचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तिथे पैसे देऊन एके-४७ चालवायचीही सोय आहे. व्हिन मॉक अगदी वेगळं. समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव, रेघेच्या उत्तरेला. वरून बाँब आणि समुद्रातून तोफा सुरू झाल्यावर गाव जमिनीखाली गेलं. तीन मजले, सगळ्यात खालचा वीस मीटरहून खोल. विहीर, स्वयंपाकाची जागा, सभेची जागा. भिंतीत कोरलेले कोनाडे, एका कोनाड्यात एक कुटुंब. आपल्या ऑफिसातलं क्युबिकल त्यापुढे महाल वाटेल. एक कोनाडा बाळंतिणींचा. या बोगद्यांत १७ मुलं जन्मली. दिव्यांचा पिवळा उजेड, अंगाला चिकटणारी दमट हवा, आणि एकदम शेवटी उजेडाचं भोक आणि समोर निळा समुद्र. ऑस्ट्रेलियन पोरं बाहेर येऊन गप्प बसून राहिली होती.

परतताना चुओंग सन दफनभूमी. हो ची मिन्ह मार्गावर मेलेल्या उत्तरेकडच्या सैनिकांची. दहा हजारांवर थडगी, ज्याच्या-त्याच्या गावच्या प्रांताप्रमाणे लावलेली. आम्हाला वीस मिनिटं दिली होती. मी काकांना विचारलं, "तुमचं कोणी आहे का इथे?"

ते म्हणाले, "थोरले काका आहेत. पलीकडच्या ओळीत." मग थोड्या वेळाने, "वडील धरून तिघे भाऊ. मधले दक्षिणेच्या सैन्यात होते. ते यात नाहीत. त्यांच्यासाठी अशी जागा नाही." आजीने दोघांचे फोटो घरच्या देव्हाऱ्यात ठेवले होते म्हणे. १९७५ नंतर मधल्याचा फोटो कपाटात गेला. बऱ्याच वर्षांनी, आजी जाण्याच्या जरा आधी, तो परत बाहेर आला. "आता दोघं शेजारी आहेत," एवढं बोलून काका घड्याळ बघत बसकडे निघाले.

परतीच्या प्रवासात मी एकच विचार करत होतो. युद्धाची सहल व्हायला किती वर्षं लागतात? आपण सिंहगडावर जातो, १६७० ची लढाई एका वाक्यात सांगतो आणि पिठलं-भाकरी, कांदाभजी मागवतो. कोणाला काही वाटत नाही, आणि वाटूही नये. साडेतीनशे वर्षांत त्या दुःखाचा अभिमान झालाय. कारगिलचं युद्ध १९९९ चं. द्रासच्या स्मारकापाशी सेल्फी काढताना मात्र हात जरा अडखळतो, कारण त्या भिंतीवरच्या नावांच्या आया अजून असतील.

मला वाटतं वर्षांचा हिशोब नसतोच तो. जोवर कोणाच्या तरी कपाटात एक फोटो आहे आणि शेतात एक न फुटलेला बाँब आहे, तोवर ती जागा 'साइट' होत नाही. मग जाऊच नये का? माझ्या मते जावं. काकांचं घर त्याच बसवर चालतं, आणि आपण गेलो नाही तर ती गोष्ट ऐकणारं एक माणूस कमी होतं.

असो. जाणार असाल तर व्हिन मॉक असलेलीच टूर घ्या, पायात बूट घाला, पाणी जास्त ठेवा. दफनभूमी यादीत नसेल तर विचारून बघा. आणि गाईडला त्याच्या घरच्यांबद्दल एकदा विचारा. नाही बोलला, तर आग्रह करू नका.